दमलेल्या साहेबांचे मामाजी

दुसऱ्याला विश्रांती मिळावी म्हणून माझ्या बायकोच्या मामांइतका दमणारा माणूस मी सातपुड्याच्या अलीकडे पाहिला नाही, आणि पलीकडे असेल असंही मला वाटत नाही. खरे मामा ते फक्त माझ्या बायकोचे, सुमनचे. पण पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत ज्याच्या टेबलावर फायलींचा ढीग असे आणि डोळ्यांखाली काळं पडलेलं असे, असा प्रत्येक साहेब त्यांना मामाजी म्हणायचा. उंच काटक बांधा, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, पायात कॅनव्हासचे बूट आणि बाराही महिने हातात छत्री. चालायचे असे की सोबतच्याला पळावं लागे. बोलणं तर थांबायचंच नाही. अशा माणसानं जगाला आराम शिकवायचं मनावर घेतलं होतं. ऐंशी सालानंतर लवकरच मी सौंसरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा त्यांचा हा उद्योग ऐन भरात होता.

उद्योग म्हणावा तर त्यात कमाई नव्हती, आणि सेवा म्हणावी तर ती घ्यायला कुणी आपण होऊन येत नव्हतं. तिगावच्या अलीकडे मामाजींची संत्र्याची बाग होती. बांधावर मोहाचं जुनं झाड आणि त्याखाली ओळीनं टाकलेल्या सुतळीच्या बाजा. दमलेला साहेब हेरायचा, त्याला गोडीनं किंवा दरडावून रविवारी बागेत आणायचा आणि बाजेवर आडवा करायचा, असा सगळा सरळ कारभार. हेरायची मुख्य जागा म्हणजे बस. मामाजी कधी खिडकीशी बसत नसत. खिडकीतून झाडं दिसतात, त्यांना माणसं पाहायची असत. एकदा मी त्यांच्यासोबत असताना समोरच्या सीटवर एक तरुण अधिकारी मांडीवरची फुगलेली बॅग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. मामाजी त्याच्याकडे झुकले.

"साहेब, तुमी बॅग धरून राहिले, का बॅगनं तुमाले धरलं?"

तो दचकला. म्हणाला, ऑफिसचे कागद आहेत.

"मंग त्यायले बसू द्या न आरामात. मी उठतो."

आणि खरंच उठले. बॅग आपल्या जागेवर नीट ठेवली, तिच्यावर ऊन येत होतं म्हणून खिडकीला दुपट्टा लावला आणि सौंसर येईपर्यंत दांडा धरून उभे राहिले. त्या बिचाऱ्याला इतकी लाज वाटली की पुढच्या रविवारी तो मुकाट्यानं मोहाखाली हजर झाला.

बागेतला आराम हा मात्र चांगलाच मेहनतीचा प्रकार होता. माणूस बाजेवर पडला, पानांतून उतरणाऱ्या उन्हाकडे बघत त्याची पापणी जड झाली, की मामाजी उशाशी येऊन कुजबुजत, "झोपले काय?" त्यांची कुजबुज विहिरीपर्यंत ऐकू जाई. माणूस जागा होऊन "हो" म्हणे, तर मामाजी समाधानानं म्हणत, "झोपा, झोपा. मी पाहून राहिलो." मग ताक घेऊन येत. मग डोक्याखाली उशी हवी का ते विचारायला येत. मग उजव्या कुशीवर झोपल्यानं पचन सुधारतं हे सांगायला येत. एका पोस्टमास्तरांनी मला खाजगीत सांगितलं होतं की बागेत एक दिवस आराम केला की सोमवारी ऑफिसात जाऊन बरं वाटतं, तिथं निदान निवांत बसता येतं. पण गंमत अशी की हेच पोस्टमास्तर दर महिन्याला बागेत दिसायचे. घरचे, दारचे, वरचे, खालचे सगळे त्यांच्याकडे काही ना काही मागायला यायचे. त्यांना काय हवं ते विचारणारा माणूस साऱ्या मुलखात हा एकच होता.

मामाजींचं म्हणणं असं, की माणूस कामानं थकत नाही, नाही म्हणता न आल्यानं थकतो. म्हणून त्यांनी 'नाही' म्हणायची शिकवणी काढली होती. तिचे सर्वांत गाजलेले विद्यार्थी म्हणजे सौंसरचे तेव्हाचे नायब तहसीलदार. अतिशय भला माणूस. आलेल्या कुणालाही रिकाम्या हाती पाठवायचं नाही, म्हणून प्रत्येकाला "बघतो, करू" म्हणायचे, आणि मग ते सगळं करता करता रात्री त्यांना जेवण जात नसे. मामाजींनी दुपट्टा डोक्याला गुंडाळला, कंबर वाकवली आणि लंगडत त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"साहेब, माह्या म्हशीचं रेशन कार्ड बनवून द्या."

नायब तहसीलदार सवयीनं म्हणाले, "अर्ज ठेवून जा, बघतो."

मामाजी कंबर सरळ करून डोक्याला हात लावून खाली बसले. "म्हशीचंबी तुमी पाहूनच घेता?"

मग दुपारभर तालीम झाली. मामाजींनी विहीर शेजाऱ्याच्या शेतात सरकवून मागितली, बायकोची बदली मागितली, मागच्या जन्माचा दाखला मागितला. उतरत्या उन्हाला नायब तहसीलदारांच्या तोंडून पहिला "नाही" निघाला, आणि तो असा खणखणीत की संत्र्यांवरचे पोपट उडाले. नंतर त्यांना थांबताच येईना. जेवायला बसता का, नाही. ताक घेता का, नाही. बसची वेळ झाली, निघता का, तर त्यालाही नाही. शेवटी त्यांना रात्री मुक्कामी ठेवून घ्यावं लागलं. पण पुढं कचेरीत त्यांच्या टेबलापुढची गर्दी खरंच कमी झाली. गंमत म्हणजे लोक त्यांना पूर्वीपेक्षा जास्त मानू लागले, कारण ते आता ज्याला "करतो" म्हणत त्याचं काम होत असे.

साहेबकी कशी करावी याबद्दलही मामाजींची मतं ठाम होती. साहेबाचे हात रिकामे पाहिजेत, असं ते म्हणत. मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीणबाई मात्र शाळेची घंटासुद्धा स्वतः द्यायच्या, चपराशी कधी आधी वाजवतो कधी नंतर म्हणून. वेळापत्रक त्याच करत, फळा त्याच पुसत, आणि घरी गेल्यावर डोकं बांधून झोपत. त्यांना मामाजींनी संत्र्यांच्या तोडणीच्या दिवसांत बोलावलं आणि फळं निवडणाऱ्या बायांवर मुकादम नेमलं. अट एकच, संत्र्याला हात लावायचा नाही. बाई खुर्चीवर बसल्या. समोर मोठ्या फळांत एक बारीक फळ गेलं. बाईंचा हात पुढं आला. मामाजी खाकरले. हात मागं गेला. पुन्हा एक डागी फळ चांगल्यात पडलं. बाई उठल्या, बसल्या, पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. शेवटी त्यांना राहवेना. "अहो, त्या चुकत आहेत," त्या म्हणाल्या.

"चुकू द्या," मामाजी म्हणाले. "तुमी सांगा, मंग पाहा, मंग परत सांगा. हात नका लावू."

संध्याकाळपर्यंत बायाच एकमेकींना "ते डागी हाय वो" म्हणून फळ काढायला लावत होत्या, आणि बाई खुर्चीत कुतूहलानं बघत बसल्या होत्या. काही दिवसांनी मी शाळेवरून जाताना घंटा ऐकली. चांगली उशिरा झाली होती. हेडमास्तरीणबाई व्हरांड्यात उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून, आणि दुसरीकडे बघत होत्या.

बागेत आल्यावर घड्याळं काढून एका कापडी पिशवीत टाकायची आणि पिशवी झाडाला टांगायची, असाही एक नियम होता. एका रविवारी ती पिशवी वानरानं पळवली. मोहाच्या शेंड्यावर बसून तो एकेक घड्याळ काढून कानाशी नेऊ लागला. खाली सौंसर-पांढुर्ण्याचं निम्मं सरकार ढेकळं हातात घेऊन या बांधावरून त्या बांधावर धावत होतं. नायब तहसीलदार चिखलात बसले, पोस्टमास्तरांचा चष्मा गेला. वानरानं कंटाळून पिशवी खाली टाकली तेव्हा सगळे धापा टाकत बाजांवर पडले, आणि कुणाला तरी हसू फुटलं. मग ते आवरेना. मामाजी प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत होते, नाडी बघावी तसे.

मी या सगळ्याला लांबून हसत असे. माझे वडील नागपूरला गिरणीत कामाला. आमच्या घराण्यातला, खरं तर आमच्या साऱ्या वस्तीतला, मी पहिला डॉक्टर. सौंसरला निघताना वस्तीतली माणसं स्टँडवर पोचवायला आली होती. आराम, बाज, ताक ही सगळी मला दुसऱ्यांची चैन वाटे. मामाजी घरी येत, "जयभीम जावईबापू" म्हणत, आणि लगेच सुमनला विचारत, "हे रात्री किती वाजता आले?" मी विषय बदलत असे. एकदा त्यांनी मला बाग दाखवायला नेलं, तेव्हा संत्र्याची झाडं पार सुकल्यासारखी उभी होती, पानं मलूल. मी विचारलं, पाणी नाही का?

"पाणी हाय. ताण देऊन राहिलो त्यायले," मामाजी म्हणाले. "ताण देल्ल्याशिवाय झाड फुलत नाई. पण बराबर येळेवर पाणी सोडा लागते. नाई सोडलं तं फुलाची गोष्ट सोडा, झाडच जाते." आणि मग नेहमीसारखे पुढं न जाता माझ्याकडे बघत उभे राहिले. "तुमाले ताण देणारे लय हायेत, जावईबापू. पाणी कोण सोडून राहिलं?"

मी हसून म्हणालो, "मी झाड नाही, मामाजी."

त्या वर्षी पावसाळा लांबला. जुलाबाची साथ आली, मग तापाची. माझ्यासोबतचे डॉक्टर पुढचं शिकायला गेले होते, मी एकटा होतो. सकाळी दवाखाना, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी पुन्हा दवाखाना आणि नंतर घराच्या दाराशी बैलगाड्या. माझं चालतंय, असंच मला वाटत होतं. फक्त जेवणाची चव लागत नव्हती, आणि सुमन काही सांगत असली की तिचे ओठ हललेले दिसायचे. मग एका सकाळी मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या छातीला नळी लावली आणि तशीच धरून राहिलो. ऐकतोय असं मला वाटत होतं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी काहीच ऐकत नाही, आणि नळी उचलावी हेही सुचत नाही. म्हाताऱ्यानं माझा हात हळूच धरला. "डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "तुमालेच काई होऊन राहिलं काय?"

कंपाउंडरनं सुमनला बोलावलं. सुमननं पांढुर्ण्याच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मामाजी आले. मला वाटलं, आता बागेचं पालुपद सुरू होणार. पण ते काहीच बोलले नाहीत. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर पेशंटांमध्ये जाऊन बसले. मी त्याही दिवशी कामावर होतो. पेशंट येत होते, जात होते, आणि दार उघडलं की दर वेळी मला मामाजी दिसायचे, छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून. दुपारी शेवटचा पेशंट गेला तेव्हा ते आत आले आणि पेशंटच्या स्टुलावर बसले.

"रजा घ्या," ते म्हणाले.

"मी गेलो तर इथं कोण?"

"मीबी हेच म्हणो."

मग त्यांनी सांगितलं. मामाजी पूर्वी पांढुर्ण्याला एका कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, मॅनेजर होते, एवढं मला सुमनकडून माहीत होतं. ती नोकरी त्यांनी का सोडली, हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

"मुनीम म्हणून लागलो होतो," मामाजी म्हणाले. "मंग मालकानं मॅनेजर केलं. आपल्यातला पयला मॅनेजर. माय बोरगावहून बाजाराले येये, तं जिनाच्या फाटकापाशी उभी राहे. अंदर येत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायायले सांगे, तो पाहा, त्या खुर्चीवर बसते तो माहा पोरगा. मालक चांगला होता. मले कोणी काई म्हणत नसे. मीच मले म्हणो. दुसरा मॅनेजर चुकला तं तो एकटा चुकते. मी चुकलो तं माही सारी वस्ती चुकली, असं मले वाटे. म्हून सीझनमध्ये मी जिनातच झोपो. झोपो म्हणजे काय, पडून राहो."

ते माझ्याकडे बघतही नव्हते, टेबलावरच्या रक्तदाबाच्या यंत्राची नळी बोटांनी सरळ करत होते.

"ऐन सीझनमध्ये माय बिमार पडली. मले निरोप आला तवा ती गेल्ली होती. मी मातीले पोचलो. माही मोठी बहीण, आक्का, तिनं सारं केलं मायचं. मले पाहून एवढंच बोलली, संपला तुहा सीझन? दुसऱ्या दिवशी मी परत कामावर. अन् मंग एक दिवस रुईच्या ढिगावर जरा टेकलो, तं उठताच आलं नाई. हात होते, पाय होते, उठावं असं वाटणं तेवढं नोहतं. हमालायनं उचलून घरी नेलं. लोकायले वाटलं, पिला असन. म्या म्हटलं, वाटू द्या. पिला म्हणतीन तं चालते. थकला म्हणू नये कोणी."

बाहेर कंपाउंडर दार लावत होता. मामाजी उठले. "तुमी थकले, हे मी साऱ्या सौंसरले सांगतो," ते म्हणाले. "तुमाले सांगा लागणार नाई."

आणि त्यांनी सांगितलंही. बाजारात, स्टँडवर, तहसीलच्या आवारात, भेटेल त्याला थांबवून सांगितलं की आमचे जावई थकले आहेत, ते आराम करणार आहेत. मला वाटलं होतं, लाजेनं मान वर करता येणार नाही. पण ज्या म्हाताऱ्याच्या छातीला मी नळी लावून बसलो होतो तो घरी कोथिंबीर घेऊन आला आणि म्हणाला, जा साहेब, आमी हावोतच. छिंदवाड्याच्या वरच्या साहेबांनी रजा त्याच दिवशी दिली. मी तोवर कधी मागितलीच नव्हती, याचीही आठवण त्यांनीच करून दिली. दुसरे डॉक्टर आले आणि दवाखाना चालू राहिला.

मी आणि सुमन बागेत जाऊन राहिलो. सुरुवातीला मला झोप येईना. बाजेवर पडून मी कोणत्या पेशंटला काय द्यायचं राहिलं ते आठवत असे. पण मामाजी या वेळी उशाशी आले नाहीत. विहिरीवरची मोटर त्यांनी बंद ठेवली. पोपट आले तर हाकारे न घालता दुपट्टा हलवत ते झाडांमधून फिरत. बांधावर कुणी आलं तर तोंडावर बोट ठेवून त्याला परत पाठवत. मामाजी गप्प आहेत, हे बघूनच मला पहिल्यांदा वाटलं की मी खरंच आजारी आहे. मग एका दुपारी मी झोपलो, तो दुसऱ्या दिवशी उठलो. सुमननं भाकरी आणि वांग्याची भाजी पुढं ठेवली. घास घेतला आणि मी तिला म्हणालो, "मीठ कमी आहे." ती एकदम रडायला लागली. चव लागली म्हणून रडली, हे मला नंतर कळलं.

बरं वाटू लागल्यावर माझ्यातला डॉक्टर जागा झाला, आणि मी मामाजींकडे नीट पाहिलं. हा माणूस पहाटे उठायचा, दिवसभर दुसऱ्यांच्या बाजा उन्हातून सावलीत ओढायचा, पण स्वतः कधी एका बाजेवर पाठ टेकताना मी पाहिला नव्हता. एकदा आम्ही दोघंच बांधावर बसलो असताना मी विचारलं, "मामाजी, आईच्या मातीनंतर तुम्ही बोरगावला कधी गेलात?"

त्यांनी एक ढेकूळ उचललं, फोडलं. "नाई गेलो."

"आक्कांकडे?"

"तिचं बराबर होतं, जावईबापू. काय तोंड घेऊन जाऊ?"

सौंसरहून बोरगाव म्हणजे बसनं अगदी थोडका रस्ता. इतकी वर्षं मामाजी सौंसरला येत होते, साऱ्या तालुक्याचे थकवे शोधत होते, आणि तेवढं अंतर त्यांना तोडता आलं नव्हतं. मी परत कामावर रुजू झालो, आणि पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले तेव्हा म्हणालो, "मी तुमचं सगळं ऐकलं. आता डॉक्टरचं एक तुम्ही ऐका." ते खूप वेळ छत्रीची मूठ पुसत बसले. मग उठून बूट घालायला लागले.

बोरगावला वस्तीच्या टोकाशी आक्कांचं, म्हणजे सुमनच्या मोठ्या मावशीचं, घर होतं. अंगणात त्या सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. मामाजींसारखाच काटक बांधा, केस पांढरे झालेले. मामाजी फाटकाशी उभे राहिले, आत जाईनात. आक्कांनी वर पाहिलं, पाखडणं थांबवलं. "ये," एवढंच म्हणाल्या. मला जयभीम केला, सुमनला जवळ घेतलं, आणि चहा ठेवला. मामाजी बाजेच्या काठावर बसले आणि बोलत सुटले. यंदाचा पाऊस, संत्र्याचा बहार, बसचे रस्ते, पांढुर्ण्याचा बाजार. आक्का ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "चूप बस जरा."

मामाजी चूप झाले.

"माय कशी गेली, तुनं मले कधी इचारलं नाई."

"हिंमत नाई झाली, आक्का."

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. "मी तुले बलावणं पाठवत होती. पयल्याच दिवशी. तिनं पाठवू देल्लं नाई. मले त्याचाच राग होता, तिचा अन् तुहाबी. म्हून तसं बोलली तुले."

मामाजी खाली बघत होते. "तिलेबी वाटे, माहा सीझन मोठा हाय म्हून," ते हळू आवाजात म्हणाले.

"सीझनचं नाव नाई घेतलं तिनं." आक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणे, फाटकातून पाहत असते मी त्याले. लय थकते तो. बलावलं तं रातच्या बसनं धावत येईन तो. त्याले झोपू द्या."

मामाजींनी दुपट्टा तोंडाला लावला. सुमननं उठून चुलीवरचा चहा उतरवला, ओतला, आणि कप तिथंच गार होऊ दिले. बऱ्याच वेळानं आक्का म्हणाल्या, "भाकरी खाऊन जाय." मामाजींनी मान हलवली.

त्यानंतर मामाजी दर रविवारी बोरगावला जाऊ लागले. बागेत आलेले साहेब मोहाखाली बसून त्यांची वाट बघत, बाजा आपल्या आपण सावलीत ओढत, आणि नंतर दवाखान्यात येऊन माझ्याकडे तक्रार करत की हल्ली मामाजी भेटत नाहीत. मी म्हणायचो, बहिणीकडे गेलेत. एकदा बोरगावला एका पेशंटकडे गेलो असताना परतताना आक्कांच्या अंगणात डोकावलो. दुपार होती. आक्का भिंतीशी बसून मिरच्यांची देठं काढत होत्या आणि लहानपणीचं काहीबाही सांगत होत्या. मामाजी त्यांच्यासमोर चटईवर पाय लांब करून बसले होते, बूट बाजूला काढलेले. मी आलोय हे त्यांना कळलं नाही. ते नुसतं ऐकत होते. मी आत न जाता तसाच निघालो. पुढं माझी छिंदवाड्याला बदली झाली, मग आणखी लांब, आणि काही वर्षांनी मामाजी गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. आक्कांनी मात्र माझ्यासाठी चहा ठेवला, आणि मी विचारण्याआधीच मामाजी कसे गेले ते सगळं सांगितलं.